पूर्व-विवर्धक व शक्ति-विवर्धक यांतील संरोध-मेळ

घरगुती ध्वनिसंचात प्रीअँप्लिफायर, म्हणजे पूर्व-विवर्धक, आणि पॉवर अँप्लिफायर, म्हणजे शक्ति-विवर्धक, यांची जोडणी करताना ‘संरोध जुळविणे’ हा शब्दप्रयोग रूढ आहे. त्यावरून पहिल्याचा निर्गम-संरोध व दुसऱ्याचा आदान-संरोध समान असावेत असा समज होतो. महत्तम शक्ति-संक्रमणाच्या प्रमेयाने त्यास बळकटीही येते. परंतु या जोडणीतून शक्ती नव्हे, विद्युत् दाब पोहोचवावयाचा असतो. शक्ती दुसरा विवर्धक स्वतःच्या वीजपुरवठ्यातून घेतो. संरोध समान ठेवल्यास निम्मा दाब, म्हणजे ६ डेसिबेल, व्यर्थ जातो. आदान-संरोध दसपट असल्यास ऱ्हास केवळ ०.८ डेसिबेल होतो.

लांब दूरध्वनी-तारांवर परावर्तन टाळण्यासाठी संरोध समान ठेवणे युक्त होते. केबलमध्ये २०,००० हर्ट्झच्या तरंगाची लांबी सुमारे १० किलोमीटर असल्याने घरातील काही मीटर तारेत तो प्रश्न उद्भवत नाही.

ऱ्हास सर्व कंप्रतांवर सारखा असेल, तर ध्वनिनियंत्रक किंचित फिरविल्याने तो भरून निघतो. खरी हानी कंप्रतेनुसार बदलणाऱ्या ऱ्हासाने होते. उदाहरणार्थ, ईसीसी ८३ ही निर्वात नलिका घेऊ. तिचा अंतर्गत रोध ६२.५ किलोओहम व धनाग्रास जोडलेला रोध १०० किलोओहम असल्यास निर्गम-संरोध सुमारे ३८.५ किलोओहम होतो. दर मीटरला १०० पिकोफॅरड धारकतेची ५ मीटर केबल जोडताच, आदान-संरोध कितीही मोठा असला तरी, ८,३०० हर्ट्झच्या सुमारास ३ डेसिबेल घट येते. तीच नलिका कॅथोड फॉलोअर म्हणून वापरल्यास निर्गम-संरोध ६२० ओहमच्या आसपास येतो, आणि ही मर्यादा श्राव्य पट्ट्याच्या पुष्कळ पलीकडे जाते.

तथापि एवढ्याने काम भागत नाही. या निर्गमात ०.४७ मायक्रोफॅरडचे युग्मन-धारित्र असून पुढील ट्रान्झिस्टर-विवर्धकाचा आदान-संरोध १० किलोओहम आहे, असे मानू. मध्यम कंप्रतांवर गुणोत्तर सोळापट, म्हणजे समाधानकारक दिसते. परंतु २० हर्ट्झला त्या धारित्राचाच संरोध सुमारे १७ किलोओहम भरतो, आणि ३२ हर्ट्झलाच ३ डेसिबेल घट होते. पियानोचा सर्वांत खालचा स्वर २७.५ हर्ट्झचा असतो. तो याहूनही क्षीण होईल. नलिकेच्या मूळ रचनेत आदान-संरोध ४७० किलोओहम असता ही मर्यादा १ हर्ट्झखाली होती. म्हणजे दोन्ही उपकरणे स्वतंत्रपणे निर्दोष असूनही जोडणी सदोष ठरते. धारित्र ४.७ मायक्रोफॅरडचे केल्यास मर्यादा ३.२ हर्ट्झवर येते.

सारांश, १,००० हर्ट्झला मोजलेल्या एकाच आकड्यावर विसंबणे इष्ट नव्हे. आदान-संरोध निर्गम-संरोधाच्या दसपट तरी असावा हा नियम श्राव्य पट्ट्याच्या दोन्ही टोकांशी पडताळून पाहिला, तरच मेळ साधला असे म्हणता येईल.