पूररेषेचे गणित आणि घरातला रुग्ण

अहिल्यानगर म्हटले की टँकर आठवतो, पूर नाही. पर्जन्यछायेतला हा जिल्हा. वर्षाचा सरासरी पाऊस सहाशे मिलिमीटरच्या आत. शहरालगतची सीना नदी तर एरवी नाल्यासारखीच दिसते. त्यामुळे तिच्या काठी प्लॉट घेताना पुराची चौकशी फारसे कोणी करत नाही. पण कमी पावसाच्या मुलखातही महिन्याभराचा पाऊस एका रात्रीत कोसळू शकतो. नगर-कल्याण रस्त्यावरचा सीनेचा पूल पाण्याखाली जाऊन वाहतूक थांबलेली नगरकरांनी पाहिली आहे.

नदीकाठी जलसंपदा विभाग दोन रेषा आखतो. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. या शब्दांनी भलताच समज होतो. 'परवाच येऊन गेला, आता २५ वर्षे निवांत' असे नसते. तसा पूर येण्याची शक्यता दरवर्षी ४ टक्के, एवढाच त्याचा अर्थ. निळ्या रेषेवरच्या घरात ३० वर्षे राहणाऱ्या कुटुंबाला तो एकदा तरी गाठण्याची शक्यता सुमारे ७० टक्के होते; लाल रेषेवर २६ टक्के. गृहकर्जाची मुदतही एवढी असू शकते!

शिवाय या रेषा नदीच्या. बुजवलेल्या, अरुंद केलेल्या ओढ्यांचे काय? सप्टेंबर २०१९ मध्ये पुण्यात रात्री घरांत शिरले ते आंबिल ओढ्याचे पाणी.

नकाशावर पाणी कुठवर येईल ते कळते, तिथे कोण राहते ते कळत नाही. आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिस लागणारा रुग्ण, दिवस भरत आलेली गरोदर स्त्री, इन्सुलिन घेणारे आजोबा यांच्यासाठी घरात पाणी न शिरता नुसता पूल बंद झाला तरी तो पूरच. गरोदर स्त्रियांची नोंद आशा सेविकांकडे असते, डायलिसिसची रुग्णालयाकडे. पावसाळ्यापूर्वी ही माहिती पूररेषेच्या नकाशावर मांडणे फार खर्चाचे काम नाही.

पाणी ओसरल्यावर आजारांची पाळी येते. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्यानंतर लेप्टोस्पायरोसिसची साथ आली. उंदीर व जनावरांच्या लघवीतले जंतू साचलेल्या पाण्यात मिसळतात आणि पायावरच्या जखमेतून, भेगांतून शरीरात शिरतात. ताप बहुधा पाच ते चौदा दिवसांनी येतो, तोवर पाण्यातून चालल्याचे माणूस विसरलेला असतो. पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे, लघवी कमी होणे ही लक्षणे दिसली तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगावे. अशा पाण्यातून जावे लागले असेल तर प्रतिबंधक डॉक्सिसायक्लिन लवकर, शक्यतो ७२ तासांच्या आत, पण डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावी. गरोदर स्त्रिया व लहान मुलांना ती देत नाहीत. पिण्याचे पाणी, नळाचे असले तरी, या काळात उकळूनच घ्यावे. पुरात जलवाहिनीच्या गळतीतून गटाराचे पाणी आत शिरलेले असू शकते.