वंशावळ व खाजगीपणाचा हक्क
नातलगाने घराण्याची वंशावळ प्रसिद्ध केल्यास तीत नोंदलेल्या हयात व्यक्तींच्या खाजगीपणाचा प्रश्न उद्भवतो. पुणे जिल्ह्यातील भोर व वेल्हे (आता राजगड) या मावळ भागांत वंशावळ हा पूर्वी वतनहक्काचा पुरावा असे. देशमुखीच्या तंट्यांत करीना व महजर पुढे केले जात. कारी (ता. भोर) येथील जेध्यांचा करीना व शकावली ही शिवकालाची महत्त्वाची साधने होत. आजही वारसनोंद व जातपडताळणी यांसाठी वंशावळ लागते. जुन्या वंशावळींत बहुधा पुरुषांचीच नावे असत. आधुनिक कुलवृत्तांतांत मात्र स्त्रिया, जन्मतारखा, पत्ते, विवाह, दत्तविधान इ. तपशीलही येतात. तो आंतरजालावर गेल्यास परत घेणे दुष्कर असते. कुटुंब, विवाह, मातृत्व, शिक्षण इत्यादींविषयीचा मजकूर संमतीविना प्रसिद्ध करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने आर. राजगोपाल खटल्यात (१९९४) म्हटले. सार्वजनिक अभिलेखांवर आधारलेला मजकूर सामान्यतः यास अपवाद होय. पुट्टस्वामी खटल्यात (२०१७) खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमातून वैयक्तिक वा घरगुती प्रयोजनार्थ व्यक्तीने केलेला वापर वगळलेला आहे. म्हणून पूर्वजांची नावे देताना हयातांचा तपशील त्यांच्या संमतीनेच घालणे इष्ट ठरते.