खानदेशात आजचा माणूस कधी आला?

चाळीसगावहून पाटणादेवीच्या दर्शनाला जाणाऱ्यांना डोंगराच्या पायथ्याशी पाटणे हे लहानसे गाव लागते. गणिताच्या शिक्षकांना हा परिसर भास्कराचार्यांमुळे ठाऊक असतो. त्यांचा नातू चांगदेव याच्या मठाला इ. स. १२०७ मध्ये मिळालेल्या दानाचा शिलालेख इथलाच. दानाचा शक त्या दगडातच कोरलेला असल्यामुळे इतिहासकारांना तिथे फारसा वाद घालायला जागा उरली नाही. याच पाटण्याच्या जमिनीत मात्र आणखी एक कोरीव काम दडलेले होते. त्यावर ना शक होता, ना अक्षर. आणि त्याचा काळ ठरविण्यावरून आज केंब्रिजपासून पुण्यापर्यंतच्या विद्वानांत मतभेद आहेत.

पुरातत्त्वज्ञ डॉ. एस. ए. साळी यांनी धुळे आणि जळगाव या दोन जिल्ह्यांतील नदीनाल्यांचे काठ वर्षानुवर्षे पायी तुडविले. १९७२-७३ च्या सुमारास त्यांनी पाटणे येथे उत्खनन केले. त्या एका जागी जे मिळाले ते महाराष्ट्रात अन्यत्र क्वचितच मिळते. सर्वांत खाली मध्य पुराश्मयुगातील जाडसर छिलक्यांची हत्यारे, त्यावर उत्तर पुराश्मयुगातील लांबट पाती आणि सर्वांत वर नखाएवढी सूक्ष्मास्त्रे, अशी थरांची अखंड उतरंड तिथे दिसली. साळींचा महाराष्ट्रातील उत्तर पुराश्मयुग व मध्याश्मयुग यांवरील ग्रंथ १९८९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केला. तो आजही या विषयाचा पाया मानला जातो.

मधल्या, म्हणजे उत्तर पुराश्मयुगाच्या थरात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे तुकडे सापडले. त्यांतील काहींचे मणी केलेले होते, आणि एका तुकड्यावर समांतर रेघांच्या चौकटीत एकमेकींना छेदणाऱ्या रेघा कोरलेल्या होत्या. केळी-कापसाच्या या मुलखात शहामृग कुठून आला, असा प्रश्न वाचकाला पडेल. पण तो होता. हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतील शास्त्रज्ञांनी राजस्थान व मध्य प्रदेशातील अशा जुन्या कवचांतून जनुकद्रव्य मिळवून तो पक्षी आफ्रिकेतील शहामृगाचाच सोयरा असल्याचे २०१७ मध्ये दाखविले. भारतात इतरत्र सापडलेल्या कित्येक कवचांवरील 'नक्षी' झाडांच्या मुळांनी पाडलेले ओरखडे ठरली. पाटण्याच्या तुकड्यावरील रेघा मात्र माणसाच्या हातच्या आहेत, याविषयी बहुतेक अभ्यासकांचे एकमत आहे.

या कवचाचे कार्बन-१४ पद्धतीने मोजलेले वय सुमारे २५ हजार वर्षे आले. कार्बन-वर्षे आणि पंचांगाची वर्षे यांत फरक असतो. तो दुरुस्त केला की आकडा २९ हजारांच्या आसपास जातो. नेमक्या याच ठिकाणी सावध राहिले पाहिजे. ही तारीख कोणीतरी तेव्हा पाटण्याच्या नाल्याकाठी बसून अंड्याच्या कवचावर रेघा ओढीत होता, एवढेच सांगते. तो तिथे केव्हा आला, हे ती सांगत नाही. एखाद्या जुन्या वाड्यातील सर्वांत जुनी उपलब्ध पावती १९४० ची निघाली, म्हणून वाडा १९४० साली बांधला असे कोणी म्हणत नाही. पुराणवस्तूंच्या बाबतीत मात्र असे सर्रास म्हटले जाते.

या घाईची किंमत युरोपने मोजली आहे. जर्मनीत निअँडर खोऱ्यात १८५६ साली ज्याची हाडे सापडली, त्या निअँडरथल मानवाची जागा आजच्या मानवाने नेमकी केव्हा घेतली, यावर तिथे दीडशे वर्षे काथ्याकूट चालला आहे. स्पेनच्या दक्षिणेत व जिब्राल्टरला निअँडरथल पार ३०-२८ हजार वर्षांपर्यंत तग धरून होता, असे बरीच वर्षे मानले जाई. दोष होता तो मोजमापात. कार्बन-१४ चे प्रमाण दर ५,७३० वर्षांनी निम्मे होते. पन्नास हजार वर्षांनंतर ते जवळजवळ शून्यावर येते. अशा नमुन्यात आजच्या कार्बनचा नुसता एक टक्का मिसळला, मातीतून झिरपणाऱ्या पाण्याने मिसळला म्हणा किंवा जपणुकीसाठी लावलेल्या सरसाने म्हणा, तरी ज्याचे वय मोजण्यापलीकडचे आहे असे हाडसुद्धा सुमारे ३७ हजार वर्षांचे भासते. ऑक्सफर्डच्या टॉम हायम यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी नमुने अधिक काटेकोरपणे शुद्ध करून चाळीस स्थळांची फेरमोजणी केली आणि २०१४ मध्ये निष्कर्ष मांडला. त्यानुसार ४१ ते ३९ हजार वर्षांपूर्वीच्या टप्प्यात युरोपातील निअँडरथल संपला, आणि त्याआधी काही हजार वर्षे दोन्ही मानव त्या खंडात एकाच वेळी वावरत होते. म्हणजे दहा हजार वर्षांचा इतिहास प्रयोगशाळेतील नळीच्या स्वच्छतेवर पालटला.

भारतात प्रश्न आणखी अवघड आहे. इथे निअँडरथलचे एकही हाड मिळालेले नाही. १९८२ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या अरुण सोनकिया यांना नर्मदेकाठी हथनोरा येथे एका प्राचीन मानवाची कवटी मिळाली, पण तिचे गोत्र कोणते यावर अद्याप एकवाक्यता नाही. खानदेशात तर त्या काळचे हाडच नाही. आहेत ती हत्यारे. आणि हत्यारावर कर्त्याचे नाव नसते. इस्रायलमधील गुहांत निअँडरथल आणि आजचा मानव या दोघांनीही एकाच घडणीची हत्यारे वापरल्याचे दिसून आले आहे. तेव्हा पाटण्याच्या तळच्या थरातील छिलके आपल्या पूर्वजांनी काढले, की आज नामशेष झालेल्या दुसऱ्या कोणी, हे त्या दगडांकडे पाहून सांगता येत नाही.

केंब्रिजचे पॉल मेलर्स यांनी मात्र पाटण्याच्या कवचाला साक्षीला बोलाविले. दक्षिण आफ्रिकेतील डीपक्लूफ येथे शहामृगाच्या कवचांवर सुमारे ६० हजार वर्षांपूर्वी कोरलेली नक्षी मिळाली आहे. तिच्याशी पाटण्याच्या नक्षीचे साम्य दाखवून, आजचा मानव सूक्ष्मास्त्रे आणि ही कला घेऊनच ६० ते ५० हजार वर्षांपूर्वी आफ्रिकेतून भारतात आला, असे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रतिपादन केले. कल्पना आकर्षक आहे, पण दोन नक्षींमध्ये तीस हजार वर्षांची दरी आहे. आडव्या-उभ्या रेघा ही तर कोणत्याही हाताला सुचणारी गोष्ट आहे. खानदेशातील कोणत्याही शाळेतील बाकावर ती पाहायला मिळेल. मायकेल पेट्राग्लिया आदी अभ्यासकांचा सूर वेगळा आहे: आजचा मानव इथे त्याआधीच, मध्य पुराश्मयुगाची साधी हत्यारे घेऊन आला, आणि पाती व सूक्ष्मास्त्रे ही त्याची इथली कमाई होय. पाटण्याची अखंड उतरंड या दुसऱ्या मताला अधिक अनुकूल वाटते. तथापि उतरंड म्हणजे तारीख नव्हे.

ताप्तीपलीकडच्या निमाडात, खरगोन जिल्ह्यातील मेहताखेडी येथे डेक्कन कॉलेजच्या शीला मिश्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सूक्ष्मपात्यांचा थर ४५ हजार वर्षांइतका मागे नेला, तोही २०१३ मध्येच. ही मोजणी कार्बनची नव्हे, वाळूच्या कणांची होती. कणावर शेवटचे ऊन पडले तेव्हापासून त्यात साठत गेलेली ऊर्जा प्रयोगशाळेत प्रकाशरूपाने मोकळी करून मोजतात, आणि त्यावरून तो थर केव्हा गाडला गेला ते काढतात. हाड नको, कोळसा नको, कवच नको. आणि पन्नास हजार वर्षांची सीमाही आड येत नाही. खानदेशच्या शेजारीच हा आकडा मिळाल्यावर पाटण्याच्या २५ हजारांना 'खानदेशातील आगमनाचा काळ' म्हणून पाठ्यपुस्तकी वाक्यात बसविणे गैर ठरते.

जनुकशास्त्राने तर 'जागा घेतली' हा शब्दप्रयोगच संशयास्पद केला आहे. स्वांते पेबो यांच्या चमूने २०१० मध्ये निअँडरथलचा जनुकसंच उलगडला, आणि आफ्रिकेबाहेरच्या प्रत्येक माणसात त्याचा एक-दोन टक्के अंश असल्याचे उघड झाले. या कार्याबद्दल पेबो यांना २०२२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. २०२४ मधील दोन अभ्यासांनी हा संकर साधारण ५० ते ४३ हजार वर्षांपूर्वी घडल्याचे दाखविले. म्हणजे आज धुळ्याच्या बाजारात उभ्या असलेल्या माणसाच्या रक्तात तो 'नामशेष' मानव थोडा शिल्लक आहे. हा वारसा सर्वस्वी निरुपद्रवीही नाही. कोविडचा आजार बळावण्याशी निगडित असा एक निअँडरथल जनुकखंड दक्षिण आशियातील जवळजवळ निम्म्या लोकांत असल्याचे २०२० मध्ये दिसून आले; युरोपात तो सुमारे १६ टक्के लोकांतच आहे. हा संकर भारताच्या वाटेवर, बहुधा पश्चिम आशियात झाला असावा. आज भारतीयांत आढळणारा वंशभाग मुख्यतः त्यानंतरच्या आगमनाचा दिसतो. त्याआधी कोणी आजच्यासारखी माणसे इथे येऊन गेली असतील, तर त्यांचा माग रक्तात फारसा उरलेला नाही. तो शोधायचा तर थरांतच शोधावा लागेल.

म्हणून पाटण्यासारख्या स्थळांचे तळचे थर मोलाचे ठरतात. वाळूच्या कणांवरून वय काढायचे तर नमुना उजेडात काढून चालत नाही. उभ्या छेदात धातूची नळी ठोकून, तोंडे बंद करून तो अंधारातच प्रयोगशाळेत न्यावा लागतो. क्षणभराच्या उन्हाने सारी मोजणी पुसली जाते. त्यासाठी न हललेला थर हवा. आणि गिरणा-पांझरेच्या खोऱ्यांत वाळूच्या उपशाने व शेतासाठी होणाऱ्या सपाटीकरणाने नदीनाल्यांचे उभे काठच आधी नाहीसे होतात.