टांकींतील अमोनिया आणि परीक्षानळीची साक्ष

वसईच्या वाड्यांतून ज्यांचें बाळपण गेलें आहे, त्यांना बावखल म्हणजे काय हें सांगावयास नको. केळीच्या आणि पानवेलीच्या बागांना पाणी देण्यासाठीं पूर्वजांनीं खणून ठेवलेलें हें लहानसें तळें. त्यांत मासे असतात. त्यांना कोणी खाऊं घालीत नाहीं, त्यांचें पाणी कोणी बदलीत नाहीं, आणि तरीही ते तेथें पिढ्यान् पिढ्या नांदतात. तोच मासा नालासोपाऱ्याच्या किंवा विरारच्या एखाद्या बिऱ्हाडांत, नव्या कोऱ्या काचेच्या टांकींत आणून सोडला, कीं थोड्याच दिवसांत तो पाण्याच्या पृष्ठभागाशीं येऊन तोंडाची उघडझांप करूं लागतो, आणि एके सकाळीं उलटा होऊन तरंगतांना दिसतो. मुलें रडतात, वडील दुकानदाराला दोष देतात, दुकानदार पाण्याला दोष देतो. पाण्यांत दोष आहे हें पुष्कळदां खरें असतें. मात्र तो नळांतून आलेला नसून टांकींतच उत्पन्न झालेला असतो.

मासा आपल्या कल्ल्यांवाटे अमोनिया सतत बाहेर टाकीत असतो. उरलेलें खाद्य आणि विष्ठा कुजून त्यांत भर पडते. बावखलांत हा अमोनिया सांचून राहत नाहीं. पाणवनस्पती तो शोषून घेतात, आणि तळच्या चिखलांतील सूक्ष्म जंतू त्याचें प्रथम नायट्राइट व मग नायट्रेट करतात. असे जंतू वेगळे करून दाखविण्याचें काम रशियन शास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राडस्की यानें १८९० च्या सुमारास केलें. नव्या टांकींत हे जंतू आरंभीं जवळजवळ नसतातच. फिल्टरच्या स्पंजावर त्यांची वस्ती होण्यास बहुधा चार ते सहा आठवडे लागतात. आणि वस्ती झाल्यावरही ती वाहत्या पाण्यांतील प्राणवायूवर जगते. २०१८ च्या जुलैंत वसई-विरार भागांत पावसाचें पाणी सांचून अनेक ठिकाणीं वीज बंद राहिली होती. अशा प्रसंगीं फिल्टर थांबला, कीं जुन्या, चांगल्या जमलेल्या टांकींतही अमोनिया वाढूं लागतो.

हा वाढता अमोनिया डोळ्यांना दिसत नाहीं आणि माशांना मारण्याइतका झाला तरी नाकाला कळत नाहीं. म्हणून परीक्षेचें किट घ्यावयाचें. परंतु किटचें उत्तर खोटें आलें, तर तें दोन्ही बाजूंनीं घातक आहे. खोट्या शून्यावर विसंबून मासे जातात हें उघड आहे. उलट, नसलेला अमोनिया दिसला, तर घाबरलेला गृहस्थ सर्व पाणी फेंकून देतो, फिल्टरचा स्पंज क्लोरीनच्या नळाखालीं खसखसून धुतो, आणि जे जंतू टांकी राखीत होते त्यांनाच मारून टाकतो. मग खरा अमोनिया येतो.

बाजारांत मिळणाऱ्या किटांच्या मुळाशीं मुख्यतः दोन जुन्या पद्धती आहेत. एक जर्मन रसायनशास्त्रज्ञ नेस्लर याची, १८५६ ची. हींत पाऱ्याचा संयुक्त क्षार वापरतात आणि अमोनिया असल्यास पाणी पिंवळें ते तपकिरी होतें. दुसरी फ्रेंच शास्त्रज्ञ बर्थेलो याच्या १८५९ मधील शोधावर आधारलेली. तिच्या आजच्या रूपांत सॅलिसिलेट आणि हायपोक्लोराइट अशीं दोन औषधें घालतात व पिंवळ्याचा हिरवा रंग होतो. नळाच्या पाण्यांतील क्लोरीन मारण्यासाठीं जीं औषधें मिळतात, त्यांपैकीं कांहीं अमोनियालाही बांधून ठेवतात. अशा पाण्यांत नेस्लरचा रंग भलतेंच सांगतो. सॅलिसिलेटचा रंग फसत नाहीं, पण बांधलेला अमोनियाही तो मोजून दाखवितो. घरगुती टांकीसाठीं दुसरीच पद्धत घ्यावी हें बरें. पाऱ्याचें पाणी मोरींत किंवा बावखलांत ओतण्याचें पाप तरी टळतें.

आतां प्रत्यक्ष परीक्षा. नळी टांकीच्याच पाण्यानें दोनदां विसळावी आणि पाणी पृष्ठभागावरून न घेतां मधून घ्यावें. पाण्याची रेषा डोळ्यांच्या पातळीला धरून पाहावी. थेंब टाकतांना बाटली उभी उलटी धरावी. तिरपी धरल्यास थेंब लहानमोठे पडतात आणि आठ थेंबांचा हिशेब बिघडतो. हलवितांना नळीच्या तोंडावर अंगठा ठेवण्याची संवय वाईट, कारण घामांत अमोनिया असतो, बूचच लावावें. फरशी पुसण्याच्या औषधांतही तो असूं शकतो. रंग पाहण्याची वेळ पत्रकांत दिली असेल तीच पाळावी; लवकर पाहिल्यास आंकडा कमी येतो, आणि फार वेळ विसरून राहिल्यास जास्त. रंग खिडकीपाशीं, दिवसाच्या उजेडांत, पांढऱ्या कागदावर पाहावा. पिंवळ्या दिव्याखालीं किंवा टांकीच्या निळसर प्रकाशांत पिंवळा व फिकट हिरवा यांतील भेद ओळखणें चांगल्या डोळ्यांनाही जमत नाहीं.

पुष्कळांची अडचण नेमकी येथेंच असते: नळी शून्याची कीं पावाची? यावर एक साधा उपाय आहे. मोटारीच्या बॅटरीसाठीं गॅरेजांत जें क्षारविरहित पाणी विकतात, त्याची तीच परीक्षा शेजारच्या नळींत करावी. या कोऱ्या नळीचा रंग तोच शून्य समजावा, मग कार्ड कांहींही म्हणो. दोन्ही नळ्या सारख्या दिसल्या, तर टांकींत अमोनिया नाहीं. तिसरी नळी घरच्या नळाच्या पाण्याची लावावी. सूर्या, उसगांव आणि पेल्हार येथील धरणांचें पाणी महानगरपालिका क्लोरीन घालून देते; पुष्कळ इमारतींत टँकरचें किंवा विहिरीचेंही येतें. पाण्यांत क्लोरीन आणि अमोनिया यांचा संयोग झालेला असेल, तर क्लोरीन मारल्यावर अमोनिया मागें उरतो. तो टांकीचा दोष नव्हे.

औषधें अजून जिवंत आहेत कीं नाहींत, हें पाहण्याचीही युक्ति आहे. कल्हईवाला तापलेल्या भांड्यावर नवसागर टाकतो तेव्हां जो उग्र वास येतो, त्यांत अमोनियाच असतो. बाजारी नवसागर शुद्ध असेलच असें नाहीं, म्हणून प्रयोगशाळेचें सामान विकणाऱ्याकडून थोडा घ्यावा. त्यांतला १ ग्रॅम सोनाराच्या कांट्यावर तोलून १ लिटर बॅटरीच्या पाण्यांत विरघळवावा. नवसागरांत सुमारें २६ टक्के नत्र असतें. तेव्हां या पाण्यांत लिटरला २६० मिलिग्रॅमच्या आसपास नत्र झालें. यांतलें ४ मिलिलिटर औषधी सिरिंजनें घेऊन पुन्हां १ लिटर शुद्ध पाण्यांत मिसळलें, कीं लिटरला १ मिलिग्रॅम नत्राचें माहीत असलेलें पाणी तयार होतें. किटनें तें ओळखलें पाहिजे. कार्डावरील आंकडे नत्राचे नसून अमोनियाचे असतील, तर उत्तर सव्वाच्या जवळ येईल. ही गफलत सामान्य आहे, म्हणून पत्रक नीट वाचावें. रंग उठलाच नाहीं, तर दोष दुसऱ्या बाटलींतील हायपोक्लोराइटचा असण्याचा संभव मोठा. उष्ण हवेंत तें हळूहळू निकामी होतें, आणि वसईचा उन्हाळा त्याला मुळींच मानवत नाहीं. बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर लिहून ती थंड, अंधाऱ्या कपाटांत, मुलांच्या हाताबाहेर ठेवावी. रंग कार्डाच्याही पलीकडे गडद झाल्यास एक भाग टांकीचें व तीन भाग शुद्ध पाणी मिसळून पुन्हां मोजावें आणि उत्तराला ४ नें गुणावें.

एवढें करून मिळालेला आंकडा खरा असला, तरी त्याचा अर्थ सामूशिवाय, म्हणजे ज्याला पीएच म्हणतात त्या अंकाशिवाय, लागत नाहीं. पाण्यांत अमोनिया दोन रूपांनीं असतो: एक विषारी वायुरूप, आणि दुसरें बरेंच निरुपद्रवी अमोनियम. किट दोहोंची बेरीज सांगतें. पाणी ३० अंशांवर आणि सामू ७ असतांना या बेरजेचा शेंकडा एकाहूनही कमी भाग विषारी असतो. सामू ८ झाला, कीं तोच भाग शेंकडा सातांच्या वर जातो. किटनें अर्धा मिलिग्रॅम दाखविला असें धरूं. पहिल्या पाण्यांत विष ०.००४ भरतें, दुसऱ्यांत ०.०३७. माशांना ०.०२ च्या आसपासच धोका मानतात. म्हणजे धरणाच्या मऊ पाण्यांत जो आंकडा दोन दिवस वाट पाहूं देईल, तोच विहिरीच्या जड, अल्कधर्मी पाण्यांत माशांना धोक्याचा ठरेल. दाट वनस्पती असलेल्या टांकींत सामू सकाळपेक्षां दुपारीं चढलेला असतो. यास्तव रोजची परीक्षा एकाच वेळीं, खाद्य घालण्यापूर्वीं करावी, आणि सामूही त्याच पाण्याचा मोजावा.

खऱ्या आंकड्यानें धोका दाखविलाच, तर त्या दिवशीं खाद्य बंद ठेवावें. एक तृतीयांश ते निम्में पाणी, क्लोरीन मारून आणि टांकीच्याच उष्णतेचें करून, बदलावें. स्पंजाला हात लावूं नये. फारच चोंदला असेल तर काढलेल्या जुन्या पाण्यांत हलकेच पिळावा. दुसऱ्या दिवशीं त्याच वेळीं पुन्हां नळी भरावी, आणि तिच्या शेजारीं कोरी नळीही.