हाडांतले चांदणे

प्राध्यापक राँटजेन यांनी १८९५ साली क्ष-किरण शोधले आणि माणसाला जिवंतपणीच स्वतःची हाडे पाहण्याची सोय झाली. पण कधी कधी शोधावयाचे असते एक आणि सापडते भलतेच!

आमचे तळवडे लहानमोठ्या कारखान्यांचे गाव. शेजारच्या एका कामगार गृहस्थांचे मनगट यंत्रावर दुखावले. क्ष-किरणांच्या फोटोत हाड मोडलेले नव्हते. मात्र साबुदाणा सांडावा तसे पांढरे ठिपके त्यात विखुरले होते. ‘कर्करोग तर नव्हे?’ या शंकेने दोन दिवस त्या घरात कोणाच्या घशाखाली घास उतरला नाही.

अस्थितज्ज्ञांनी कंबरेचा व गुडघ्यांचाही फोटो काढविला. तिथेही तेच ठिपके, सांध्यांपाशी, दोन्ही अंगांना सारखे! निदान झाले, ‘ऑस्टिओपॉइकिलोसिस’. हॅम्बुर्गच्या आल्बर्स-शोनबर्ग यांनी १९१५ साली वर्णिलेला हा प्रकार. नाव अवघड, पण स्वभाव गरीब! बहुधा दुखत नाही, औषध लागत नाही. तो आनुवंशिक, त्यामागचे जनुक २००४ साली सापडले.

हे ऐकताच त्यांच्या पत्नीने मला विनविले, “सर, बाहेर बोलू नका. पोरीचं लग्न व्हायचंय.”

मी म्हटले, “वहिनी, यात लपवायचं काय? उलट हा फोटो नि अहवाल रेशनकार्डाशेजारी जपून ठेवा. नाहीतर उद्या दुसऱ्या डॉक्टरांकडे पुन्हा तीच धास्ती नि त्याच तपासण्या!”

त्यांना ते पटले. त्यांच्याच परवानगीने हे लिहितो आहे. वाचकहो, फोटोतला प्रत्येक डाग निरुपद्रवी नसतो, हे खरे. तो निवाडा तज्ज्ञांचा. पण त्यांच्याआधी भीतीला निकाल देऊ देऊ नये.