उधाण, भांग आणि चोर समुद्र

पावसाळ्यात अमावास्या किंवा पौर्णिमा जवळ आली, की मुंबईच्या वृत्तपत्रांत ‘समुद्रात ४.८ मीटर उंचीच्या लाटा उसळणार’ अशा धर्तीचा मजकूर हटकून छापून येतो. परंतु मरीन ड्राइव्हच्या कठड्यापाशी जमणाऱ्या बघ्यांना कोणी सांगत नाही, की तो आकडा लाटेचा नसून भरतीचा आहे, आणि तोही वाळूपासून मोजलेला नसून, नौकानयनाच्या नकाशांसाठी जवळजवळ नीचतम ओहोटीच्या पातळीला जे शून्य मानलेले असते, तेथपासूनचा आहे. मुंबईस समुद्राची सरासरी पातळीच या शून्याच्या सुमारे २.५ मीटर वर आहे. तेव्हा खरा चढ किती, हे वाचकाने स्वतःच ताडावे. लाट उठते वाऱ्याने, भरती येते चंद्रसूर्यांच्या आकर्षणाने. दोहोंना एका दावणीला बांधणे ही निव्वळ गफलत होय.

कोळीवाड्यात ही गफलत होत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराचे मोठ्या चढउताराचे पाणी ते ‘उधाण’, आणि अष्टमीच्या सुमाराचे मंद पाणी ते ‘भांग’. जाळे केव्हा लावावे, होडी खाडीबाहेर केव्हा काढावी, याचा हिशेब या दोन शब्दांवर चालतो. संस्कृत कोशकारांची दृष्टी निराळी. अमरकोशाच्या वारिवर्गात भंग, तरंग, ऊर्मी, वीचि ही लाटेची नावे देऊन थोर लाटांसाठी उल्लोल आणि कल्लोल हे शब्द वेगळे काढले आहेत. शब्दांना डौल आहे खरा, पण भेद केवळ आकाराचा. लाट आली कोठून, याचा त्यात पत्ता नाही.

आणि लाटेचे कूळ तर विचारावेच लागते. जवळच्या वाऱ्याने उठविलेल्या लाटा आखूड व वेड्यावाकड्या असतात. दूरच्या वादळात जन्मलेल्या लाटा मात्र हजारो किलोमीटरच्या प्रवासात आपोआप निवडल्या जातात. लांब लाटा शीघ्रगती म्हणून पुढे निघून जातात, आखूड मागे राहतात. दर १८ सेकंदांनी येणाऱ्या अशा लाटांच्या दोन माथ्यांमध्ये खोल समुद्रात सुमारे ५०० मीटरांचे अंतर असते, त्यामुळे अशी लाट होडीला हलकेच उचलून पुन्हा खाली ठेवते. उथळ पाण्यात शिरल्यावर मात्र तिची गती मंदावते आणि उंची वाढते. केरळचे मच्छीमार हिला ‘कळ्ळक्कडल’, म्हणजे चोर समुद्र, म्हणतात: वारा पडलेला, आभाळ निरभ्र, आणि दक्षिणेकडच्या महासागरातल्या वादळाचे पाणी थेट अंगणात! २०१२ साली युनेस्कोने ही संज्ञा शास्त्रीय व्यवहारासाठी मान्य केली, आणि हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था आता अशा लाटांच्या आगाऊ सूचना देते.

अशा सूचनांतील लाटेची उंची ही बहुधा सर्वांत मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी असते. पत्रकात २ मीटर लिहिले असता एखादी लाट ४ मीटरच्या घरात गेली, तर तो पत्रकाचा दोष नव्हे. मात्र किनाऱ्यावरची होडी किती वर ओढून ठेवायची, हे नाखव्याला त्या एका लाटेकडे पाहूनच ठरवावे लागते.