दहा लिहिलंय, पण दहा आहे का?

रांजण घेताना वाजवून घ्यायचा, हे आपल्याकडे कुणाला वेगळं शिकवावं लागत नाही. बोटाचं पेर वाकवायचं, टकटक करायची आणि कान द्यायचा. खणखणीत वाजला तर आपला. बद्द वाजला तर कुठंतरी तडा आहे, कुंभार कितीही गोड बोलो. ज्या गावाच्या नावातच रांजण आहे त्या रांजणगावात मी हीच टकटक व्यायामाच्या लोखंडी प्लेटवर करून पाहिली आणि साफ फसलो. ती गंमत पुढे येईलच.

नगर रस्त्याला, महागणपतीच्या दर्शनाला वळणाऱ्या गाड्या मागे टाकून एमआयडीसीच्या अंगाला गेलं की पत्र्याच्या शेडमधल्या जिम लागतात. फर्स्ट शिफ्ट सुटली की पोरं तिकडे येतात. अशाच एका ठिकाणी मी बेंचवर आडवा झालो. रॉडच्या दोन्ही बाजूंना एकेक दहाची प्लेट होती, पण रॉड सारखा डावीकडे कलत होता. मला वाटलं, आपलाच उजवा हात जास्त जोर लावतोय. शेजारचा पोरगा म्हणाला, “सर, हात नाही, प्लेट. ती डावीकडची जड आहे, आम्हाला सगळ्यांना माहितीये.”

दोन्ही प्लेटा उचलून समोरच्या कांद्याच्या व्यापाऱ्याकडे नेल्या आणि इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवल्या. एक भरली 9 किलो 640 ग्रॅम, दुसरी 10 किलो 410 ग्रॅम. दोन्हींवर आकडा एकच, दहा. व्यापारी म्हणाला, “भाऊ, मी कांद्यात पाऊण किलोचा फरक काढला असता तर गिऱ्हाइकानं मला इथंच झोडपला असता.”

म्हटलं तर वैतागाची गोष्ट. पण हा फरक येतो कसा, हे शोधायला गेल्यावर वैताग विरला आणि तोंडात बोट घालायची पाळी आली.

ही प्लेट असते बिडाची. आपल्या स्वयंपाकघरातला घावनाचा तवा असतो ना, तेच बीड. शुद्ध लोखंड वितळायला 1,538 अंश सेल्सिअस लागतात. त्यात साडेतीन-चार टक्के कार्बन आणि थोडं सिलिकॉन मिसळलं की ते साधारण 1,150 ते 1,200 अंशांतच पाणी होतं. म्हणून बीड ओतता येतं, नक्षीत शिरतं, अक्षरांच्या कोपऱ्यात जाऊन बसतं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसवली आणि लोखंडी नांगर घरोघर पोचवायचा ध्यास घेतला, तो या धातूच्या जोरावर. लोखंडानं जमीन नासते, अशी तेव्हा शेतकऱ्यांना भीती होती. आज कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांमधून निघालेलं बीड देशभरच्या गाड्यांत आणि पंपांत फिरतंय.

ओतायचं कशात, तर वाळूत. वाळूत बेंटोनाइट माती, कोळशाची भुकटी आणि बेताचं पाणी घालून कालवतात. तयार वाळू मुठीत दाबली की लाडवासारखी वळली पाहिजे आणि मोडली की भुगा न होता सरळ दोन तुकडे झाले पाहिजेत. मुरलेला कारागीर हे हातानंच ओळखतो. मग दोन पेट्या घ्यायच्या, एक खालची आणि एक वरची. मध्ये प्लेटचा पॅटर्न ठेवून वाळू ठोकायची, पॅटर्न काढायचा आणि उरलेल्या पोकळीत रस सोडायचा. बीड निवताना जवळपास एक टक्क्यानं आक्रसतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो. त्यासाठी पॅटर्न करणाऱ्याकडे खास फूटपट्टी असते, मुद्दाम लांब आखलेली. तिच्यावरचा एक सेंटिमीटर खऱ्या सेंटिमीटरपेक्षा कणभर मोठा असतो. खोट्या पट्टीनं मोजून खरं माप काढणारा हा बहुधा एकमेव प्रामाणिक धंदा असावा.

आता वजनाचा घोटाळा. रस आत गेला की तो वरच्या पेटीला खालून ढकलतो. बादलीत पालथं पातेलं दाबून धरताना हाताला जो जोर लागतो, तोच हा जोर. फक्त इथं पाण्याच्या जागी त्याच्या सातपट जड द्रव आहे. 45 सेंटिमीटर व्यासाच्या, वीस किलोच्या मोठ्या प्लेटचा हिशेब मांडून पाहा. क्षेत्रफळ झालं सुमारे 1,590 चौरस सेंटिमीटर. रस ओतायचं तोंड प्लेटच्या माथ्यापेक्षा 15 सेंटिमीटर उंच असेल तर वरच्या पेटीवर खालून येणारा रेटा भरतो जवळजवळ 165 किलो! चार गोण्या धान्य खालून कुणीतरी वर ढकलत असल्यासारखं. म्हणून रस ओतण्याआधी पेट्या आवळून घेतात किंवा वरच्या पेटीवर लोखंडाचे जड ठोकळे ठेवतात. वजन बनवायला वजनच लागतं.

ठोकळा कमी पडला, क्लॅम्प ढिला राहिला, वाळू नीट ठोकली गेली नाही, तर पेटी केसभर उचलली जाते आणि प्लेट तेवढी जाड होते. केसभर म्हणजे किती? वीस किलोच्या त्या मोठ्या प्लेटमध्ये जाडी सगळीकडे एक मिलिमीटरनं वाढली तर वजन 1,100 ग्रॅमहून जास्त वाढतं. आमच्या जड प्लेटचा व्यास 30 सेंटिमीटर आहे. तिचे ते 410 ग्रॅम म्हणजे सरासरी फक्त पाऊण मिलिमीटर जास्तीची जाडी. व्हिजिटिंग कार्डं दोन-तीन एकावर एक ठेवा, तेवढी. डोळ्याला कशी दिसणार? काटाच सांगणार.

म्हणून चांगल्या प्लेटची पहिली खूण ही की ती ओतल्यावर तशीच रंगवून विकलेली नसते. ती थोडी जड ओततात आणि मग लेथवर चढवून मागची बाजू छिलतात, आकडा जुळेपर्यंत. प्लेट उलटी करून बघा. मागे एकमेकांत बसलेल्या बारीक गोल रेघा दिसल्या, भोकाची आतली बाजू गुळगुळीत लागली, तर तिच्यावर कुणीतरी वेळ घालवलाय. काही प्लेटांच्या मागे छोटा खळगा असतो आणि त्यात शिसं किंवा बूच भरून शेवटचे काही ग्रॅम जुळवलेले असतात. हा खळगा तुम्ही आधीही पाहिलाय. वाण्याच्या दुकानातल्या जुन्या लोखंडी वजनाखाली शिशाचा ठिपका असायचा आणि त्यावर वजनमाप निरीक्षकाचा छाप. जिमच्या प्लेटवर असा सरकारी छाप नसतो. तिथं तुम्हीच निरीक्षक.

आता ती टकटक. एक प्लेट भोकात बोट घालून अधांतरी धरली आणि पान्यानं हलकेच मारली. घंटेसारखा नाद यायला हवा होता. आला “ठण्”, आणि लगेच मेला. मी मनात तिला नापास करून टाकली. मग दुसरी वाजवली, तिसरी वाजवली, सगळ्यांचा तोच आवाज. तेव्हा कळलं, रांजणाचा नियम बिडाला जसाच्या तसा लागू नाही.

कारण बिडाच्या पोटात आहे. वीस किलोच्या प्लेटमध्ये कार्बन असतो साधारण 700 ग्रॅम. रस निवताना यातला बराचसा ग्रॅफाइट होऊन बाहेर पडतो, म्हणजे पेन्सिलीत असतं तेच. बटाट्याचे वेफर चुरून पिठात कालवावेत तशा त्याच्या सूक्ष्म वाकड्यातिकड्या चकत्या सगळ्या लोखंडात पसरलेल्या असतात. ग्रॅफाइट हलकं, त्यामुळे वजनात साडेतीन टक्के असलं तरी आकारमानात प्लेटचा जवळपास दहावा हिस्सा तेच व्यापतं. बीड मोडलं की आतला भाग करडा दिसतो, तो याच्यामुळे. लेथवर बीड छिलणाऱ्या माणसाचे हात संध्याकाळी कोळसेवाल्यासारखे काळे असतात, तेही याच्यामुळे. प्लेटला धक्का बसला की कंपनं या चकत्यांमध्ये अडखळतात, घासतात, विरून जातात. नाद टिकतच नाही.

हा दोष नाही, ही त्याची किंमत आहे. लेथचं धूड बिडाचं करतात, कारण ते थरथर गिळतं. रांजणगावातल्या फियाटच्या कारखान्यात 1.3 लिटरची मल्टीजेट डिझेल इंजिनं बनायची, त्यांचा ब्लॉक बिडाचाच. आणि गाडीच्या पुढच्या चाकात डोकावून पाहा. ती चकचकीत ब्रेक डिस्क म्हणजे आपल्या प्लेटची शिकलेली बहीण. तोच धातू, तसाच गोल, तसंच मधे भोक. फक्त तिला दोन्ही बाजूंनी छिलून, तोलून पाठवलेलं असतं, कारण तिच्यात खोट राहिली तर गाडी ब्रेक लावल्यावर स्टिअरिंग हलवून सांगते. प्लेटची खोट बिचारी कुणाला सांगणार!

तर वाजवायचं, पण तुलना करायची. एकाच बनावटीच्या चार प्लेटा वाजवा. तिघींचा आवाज एक आणि चौथी फुटक्या भांड्यासारखी चिरकत असेल, तर तिला तडा असू शकतो. याच ग्रॅफाइटच्या चकत्यांमुळे बीड ठिसूळ असतं. दाब कितीही सोसेल, आपटणं सोसत नाही. शहाबादी फरशीवर लोखंडी प्लेट सोडली तर फरशी तर जाईलच, एखाद दिवशी प्लेटही जाईल. डोक्यावरून वजन खाली सोडायचं असेल तर रबराच्या बंपर प्लेटा घ्या, त्याला पर्याय नाही.

वजन इतकं काटेकोर कशाला हवं, दंड तर दोन्हींनी फुगतात, असं म्हणणारे भेटतात. त्यांना मी सांगलीच्या संकेत सरगरची गोष्ट सांगतो. 30 जुलै 2022, बर्मिंगहॅमची राष्ट्रकुल स्पर्धा, वेटलिफ्टिंगचा 55 किलो वजनगट. पानटपरी चालवणाऱ्या घरातल्या या पोरानं दोन प्रकारांत 113 आणि 135 मिळून 248 किलो उचलले. मधेच कोपराला दुखापत झाली. मलेशियाच्या खेळाडूचे भरले 249. सोनं आणि रुपं यांच्यात एक किलो! आंतरराष्ट्रीय स्पर्धेत वीस किलोच्या प्लेटला जास्तीत जास्त 20 ग्रॅम वर आणि 10 ग्रॅम खाली एवढीच सूट असते. दहा ग्रॅम म्हणजे दोन चमचे साखर. आमच्या जिमच्या प्लेटांवर ती स्पर्धा घेतली असती तर पदक कुणाच्या गळ्यात घालायचं हे कांद्याच्या व्यापाऱ्याला विचारावं लागलं असतं.

त्याआधी 2014 ला ग्लासगोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत वेटलिफ्टिंगमध्ये कृष्णा-पंचगंगेच्या काठच्या एकट्या कुरुंदवाडनं तीन कांस्यपदकं आणली होती: गणेश माळी, ओंकार ओतारी, चंद्रकांत माळी. त्यातलं ओतारी हे आडनाव मला फार आवडतं. ओतारी म्हणजे धातू ओतणारा.

खरेदीला जाल तेव्हा दोन-तीन गोष्टी अजून बघा. भोक आधी. ऑलिंपिक रॉडचं टोक 50 मिलिमीटरचं असतं, त्यावर बसणाऱ्या प्लेटचं भोक त्याहून अगदी थोडंसं मोठं हवं. घरगुती रॉड पंचवीस-अठ्ठावीस मिलिमीटरचे असतात. दोन्हींच्या प्लेटा एकमेकींना चालत नाहीत, हे घरी आल्यावर कळलेले लोक मी पाहिलेत. भोक मधोमध आहे ना, तेही पाहा. प्लेट रॉडवर चढवून बोटानं हलकेच फिरवा. दर वेळी एकच बाजू खाली येऊन थांबत असेल तर भोक तरी सरकलंय किंवा एका अंगाला बीड जास्त झालंय.

मग रंग. जाड, चकचकीत रंग दिसला की मला संशय येतो. ओतताना वायू अडकला की बिडात पोकळ्या राहतात, फाउंड्रीत त्यांना ब्लो होल म्हणतात. त्या लपवायला गाडीचा पत्रा दुरुस्त करणारे भरतात तीच लांबी भरून वर रंग मारतात. नखानं टोकरून बघा, किंवा साधं लोहचुंबक फिरवा. लांबीच्या जागी त्याची पकड सैल पडते. उलट, भंगारवाल्याकडची गंजलेली जुनी प्लेट बघून नाक मुरडू नका. वरच्या गंजानं तिच्या वजनात नाव घेण्यासारखा फरक पडत नाही. तारेचा ब्रश, थोडं तेल, एक हात रंग, की ती नातवापर्यंत चालते. ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या प्लॅस्टिकच्या प्लेटांत बहुतेक सिमेंट भरलेलं असतं. सिमेंट बिडाच्या एकतृतीयांश जड, म्हणून त्या तिप्पट जाड होतात आणि रॉडवर चार बसल्या की जागा संपते. मी त्या घेणार नाही.

आणि काटा न्या. सामानाच्या बॅगा तोलायचा हुकाचा छोटा काटा खिशात मावतो. दुकानदार हसेल, हसू द्या. सगळ्या प्लेटा अचूक मिळणार नाहीतच. पण एकसारख्या भरणाऱ्या दोन निवडून जोडी लावता येते, आणि रॉड सरळ राहायला तेवढं पुरतं.

आमच्या शेडमध्ये आता प्रत्येक प्लेटवर खडूनं तिचं खरं वजन लिहिलंय. घामाच्या हातांनी आठवड्याभरात पुसलं जातं, मग कुणीतरी परत प्लेटा उचलून समोर कांद्याच्या काट्यावर जातो.